पुठ्ठ्यावरची अक्षरं

माझ्या एका शोधनिबंधाचं कुणी कौतुक केलं, की आजही माझं डोकं तापतं. लकव्याने ज्यांची वाचा गेली, त्यांच्या मेंदूच्या लहरी संगणकाने वाचायच्या आणि त्यांना बोलतं करायचं, असा तो विषय. पीएचडी झाल्यावर मी एका मोठ्या शहरातल्या संस्थेत त्यावर काम करत होते. आमचे प्रमुख म्हणाले, "तू ब्रह्मपुरीकडची ना? तिकडचा एक रुग्ण घेऊ. लोक तुझ्यावर विश्वास ठेवतील."

लोकांनी ठेवला. राग त्याचाच आहे.

तो रुग्ण म्हणजे भाऊ, जातीने ढिवर. पन्नाशीचे, सातवी शिकलेले, जन्मभर गावच्या तलावात जाळं टाकलेलं. दोन वर्षांपूर्वी लकवा मारला आणि सारं अंग थंडावलं. नाकात नळी, खाटेवर पडून. हलायचे ते फक्त डोळे, तेही वर आणि खाली. दवाखान्यात त्यांच्या बायकोला सांगितलं होतं, याले आता काही समजत नाई. ते चूक होतं. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "भाऊ, मी काय म्हणते ते समजत असन तं डोये वर करा." त्यांनी केले. बाई भिंतीला टेकून रडायला लागल्या.

संमतीचा कागद मी आमच्या बोलीत वाचून दाखवला. अभ्यास संपल्यावर यंत्र परत न्यावं लागेल, हेही त्यात होतं. ते वाक्य मी भरभर वाचलं. भाऊंनी डोळे वर केले.

आईकडे राहून मी आठ महिने काळीपिवळी जीपने त्या गावाला जात होते. डोक्याला तारांची टोपी घालायची, तारेगणिक जेल लावायचं. समोरच्या पडद्यावर अक्षरं एकेक करून चमकायची. हवं ते अक्षर चमकलं की मेंदूत बारीकशी हालचाल होते, ती संगणक पकडायचा. एक शब्द जुळवता जुळवता चहा निवून जायचा.

तिसऱ्या आठवड्यात भाऊंनी पहिल्यांदा स्वतःच्या मनाचं लिहिलं, "पंखा बंद".

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. खाटेच्या डोक्याशी पंखा दोन वर्षं सुरू होता. "पाणी पाहिजे का, कूस बदलू का, सारं इचारत होती मी," त्या म्हणाल्या. "पंख्याचं मनातच नाई आलं. ह्याचे डोये सुकून राह्यले असन ना वो!"

ही हकिकत प्रमुखांनी आपल्या भाषणात घातली. सभागृह हळहळलं. तेच प्रमुख दर आठवड्याला भाऊंच्या चुका मोजायचे. भाऊ "मले" लिहायचे, तर संगणक "मला" सुचवायचा आणि "मले" चुकीत जमा व्हायचं. मी म्हटलं, "सर, ही चूक नाही, त्यांची भाषा आहे." ते म्हणाले, "भावनिक होऊ नकोस."

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. ज्याचे डोळे वरखाली होतात, त्याला यंत्र लागतच नाही. पुठ्ठ्यावर अक्षरांच्या ओळी लिहायच्या, दुसऱ्याने बोट फिरवायचं, हवी ती ओळ आली की रुग्णाने डोळे वर करायचे, मग त्या ओळीतलं अक्षर. आमच्या यंत्रापेक्षा हे लवकर होतं. मला ते ठाऊक होतं. सुरुवातीलाच मी विचारलं होतं, बाईंना शिकवू का? "अभ्यास संपेपर्यंत अजिबात नाही," प्रमुख म्हणाले. "त्याला पुठ्ठ्याची सवय लागली तर डेटा बिघडेल." मी गप्प बसले.

अभ्यास संपला. यंत्र न्यायला गेले, त्या दिवशी आईच्या साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर अक्षरं लिहून नेली. टोपी आणि संगणक बॅगेत भरला, मग बाईंना शेजारी बसवून बोट कसं फिरवायचं ते दाखवलं. दोनचार वेळा चुकल्या, मग हात बसला. त्या मोठ्याने अक्षरं जुळवत गेल्या, "तु... ले... मा... लू... म... होतं."

थांबून त्या म्हणाल्या, "मले इचारून राह्यला का?" भाऊंनी डोळे खाली केले. नाही. प्रश्न मला होता.

"हो, भाऊ," मी म्हटलं. "मले मालूम होतं."

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"सरांनी नाई म्हटलं होतं."

"सर इथी येत होते का?" बाईंचा आवाज चढला. "तुमीच तं येत होत्या. याच्या डोक्शाले तुमी जेल लावत होत्या, मी गरम पाण्यानं धूत होती. आठ महिने!"

बॅग उचलून मी रस्त्यावर आले. जीपमध्ये बसल्यावर संताप उसळला. प्रमुखांवर होता, पण जास्त माझ्यावरच.

संस्थेत परतल्यावर मी मागणी लिहून दिली, की पुढच्या प्रत्येक रुग्णाला पहिल्या दिवशीच पुठ्ठा शिकवावा. प्रमुखांनी ती वाचून बाजूला ठेवली. "सूचना चांगली आहे, पण शोधनिबंध लिहिणाऱ्याला परवडत नाही." महिनाभरात मी काम सोडलं. आता गडचिरोलीत एका दवाखान्यात लकव्याच्या रुग्णांसोबत काम करते. निबंध मात्र माझ्या नावासकट छापून आला.

सहा महिन्यांनी भाऊंना भेटायला गेले. पुठ्ठ्याच्या कडा मळल्या होत्या. बाई सांगत होत्या, भाऊ आता मच्छीमार सोसायटीच्या लोकांशी तलावावरून भांडतात, मुलीसाठी आलेलं एक स्थळ त्यांनीच नाकारलं. मी खाटेशी बसले. "भाऊ, माह्याशी बोलान का?"

त्यांनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत.

"रागात हाय अजून," बाई म्हणाल्या. "राहू द्या, चहा घ्या."

मी चहा घेतला आणि निघाले. पुढच्या पावसाळ्यात छातीत कफ भरून भाऊ गेले. शेवटच्या दिवसांत ते काय काय बोलले, ते बाईंनी सांगितलं नाही. मला विचारायची हिंमत झाली नाही.