खाडीतलं रोमी नाणं

दूधवाल्याच्या देखत रोज सकाळी दुधात लॅक्टोमीटर बुडवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत समोरच्या ब्लॉकमध्ये राहणारे त्र्यंबकअण्णा. मोहन्याच्या कारखान्यात ते प्रयोगशाळेत होते. तो लॅक्टोमीटर तिथूनच घरी आला असावा असा मला संशय होता. पण संशय घेणं हे अण्णांचं खातं, म्हणून मी गप्प बसायचे. भाजीवालीचं वजन, गॅसवाल्याची पावती, जावयाची पदवी, सगळं ते दोनदा तपासून घेत. त्यांची बायको सुहासिनी माझी जिवलग मैत्रीण. या माणसाबरोबर तिने संसार कसा केला, हे तिचं तिलाच ठाऊक.

अशा माणसाला नाद लागावा तर तो जुन्या नाण्यांचा! त्यातही रोमी नाण्यांचा. रोमच्या राज्यातली पूर्वेकडची शहरं स्वतःची ब्राँझची नाणी पाडायची. एका बाजूला बादशहाचं डोकं, दुसऱ्या बाजूला गावातली देवता, आणि भोवती ग्रीक अक्षरं. मुंबईच्या दुकानदारांकडून अण्णा ती आणत आणि भिंग लावून महिनोन्‌महिने त्यांची उलटतपासणी करत. एकदा एकाने साच्यात ओतलेलं नकली नाणं त्यांच्या गळ्यात मारलं होतं. ताकही फुंकून प्यायची सवय आधीपासूनच होती, त्यानंतर ते पाणीसुद्धा फुंकून पिऊ लागले. नाण्यांच्या कपाटाला सुहासिनीने हात लावायचा नाही, कारण ती देवाच्या ताम्हनासारखी चिंच लावून नाणी लखलखीत करील, ही त्यांना धास्ती.

त्यांची एकच इच्छा होती. कल्याण हे जुनं बंदर, परदेशी गलबतं इथे यायची, हे ते येईल-जाईल त्याला सांगत. तर मग एक तरी रोमी नाणं आपल्या खाडीत सापडावं, ते आपल्या हातून जाणकारांपुढे जावं आणि मुंबईच्या नाणेसंग्राहक मंडळाच्या वार्षिक अंकात आपलं नाव छापून यावं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि एरवी त्यांचं नाव फक्त मस्टरवर होतं.

आणि सत्त्याऐंशी साली ते नाणं चक्क चालत घरी आलं.

आणलं दामाजीने. हा दिवा गावच्या खाडीवरचा कोळी. त्याची मुलगी भागीरथी दहावीच्या गणितासाठी सुहासिनीकडे यायची आणि सुहासिनी तिच्याकडून काही घेत नसे. तेवढ्यासाठी दामाजीने रुमालात बांधून ते आणलं. जाळ्यात चिखलाच्या गोळ्याबरोबर आलेलं, हिरवंगार, एका अंगाला शिंपल्यांचा चुरा आणि माती दगडासारखी घट्ट बसलेली. "बायनी सांगला, सायबांना जुना आवडते. म्हनून आनला," एवढंच बोलून, चहा पिऊन तो गेला.

दुसरा कुणी असता तर नाचला असता. अण्णांची मात्र झोप उडाली. "वासंतीबाई, मला सांगा, फुकट का दिलं?" ते मला विचारत. "मुंबईतून उचललं असेल. चिखल वरून थापला असेल. मुलीच्या मार्कांसाठी काही डाव असेल."

"अहो, मार्क काय सुहासिनी देणार आहे का? ते बोर्ड देतं," मी चिडून म्हटलं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

पंधरा दिवस ते नाणं भिंगाखाली होतं. कडेला ओतकामाची, साच्याच्या जोडाची शिवण आहे की नाही, हे त्या मातीच्या थरामुळे दिसेना. अखेर एका दुपारी सुहासिनी बाजारात गेलेली असताना अण्णांनी स्वतः स्वयंपाकघरातली चिंच भिजवली, मीठ घेतलं, आणि घास घास घासलं. शिवण नव्हती. नाणं ठशाने पाडलेलं, अस्सल होतं. सुहासिनी परत आली तेव्हा मोरीत काळपट पाणी होतं आणि अण्णांच्या हातात नव्या पितळेसारखी चकाकणारी चकती. त्या दिवशी त्यांनी आम्हां दोघींना पेढे दिले. मला खरंच बरं वाटलं त्यांच्यासाठी.

मग मुंबईहून नाण्यांच्या मंडळाचे हरिहरराव एका रविवारी आले. सुहासिनीने मला पोह्यांच्या मदतीला बोलावलं होतं. साक्षीला अण्णांनी दामाजीला बोलावलेलं. तो दाराशी स्टुलावर, धुवट सदरा घालून अवघडून बसला होता.

हरिहररावांनी नाणं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. "अस्सल आहे, वादच नाही. पण खाडीतलं कशावरून? असलं मुंबईत कुठेही मिळतं. वर माती, क्षार, काही राहिलंय का?"

"माती होती. मी काढली," अण्णा म्हणाले. "पण सापडलं ज्याला, तो समोर बसलाय. दामाजी, सांग यांना."

दामाजी उठला. नाणं तळहातावर घेऊन खिडकीशी गेला आणि बराच वेळ बघत राहिला.

"ह्या माजा नाय," तो म्हणाला.

"अरे, तूच दिलंस ना!"

"मी दिलेला व्हता हिरवा. माती व्हती त्याच्यावर, दगडासारखी. खोटा कसा सांगू, अन्ना? माजा कुठं गेला?"

हरिहरराव अण्णांकडे बघू लागले. ती नजर मी ओळखली, अण्णांचीच, दूधवाल्याकडे बघणारी. अण्णा पुढे झाले. "तेच आहे ते. मी घासलं."

"कशाला?" दामाजीने विचारलं.

कढईतला झारा माझ्या हातातच राहिला. अण्णा काहीही सांगू शकले असते. पण खोटं बोलायची सवय त्या माणसाला कधीच नव्हती.

"तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून."

दामाजीने नाणं टेबलावर ठेवलं. आवाज चढवला नाही. "मना इचारला असता तं जागा दाखवली असती. होरीन बसवून नेला असता."

हरिहरराव खुर्चीत पुढे सरकले. "अहो, मग आता दाखवा की! मी येतो तुमच्या होडीतून."

"आता कशाला?" दामाजीने अण्णांकडे पाहिलं. मग चपला पायात सरकवून तो एकटाच जिना उतरून गेला.