वेटिंगवरचं घड्याळ

गंजगोलाईत मोहियोद्दीनचाचांचं घड्याळाचं दुकान कुठंय म्हणून विचारलं तर कुणीही बोट दाखवतं. पण दुकान कसलं, दोन जिन्यांच्या मधली फट ती. एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि मालक एवढं आत मावलं की गिऱ्हाइकानं रस्त्यावर उभं राहायचं. त्या फटीत चाचांनी चाळीसेक वर्षं काढली. गुरुवारी देतो म्हणाले की गुरुवारी घड्याळ तयार, मग घरात लग्न असो की दुखणं. लोकांना उगाच खेटे घालायला लावणाऱ्याची त्यांना अशी चीड, की शेजारच्या शिंप्याशी त्यापायी दोन वर्षं बोलणं बंद होतं. आणि अशा माणसाच्या राशीला दोन-दोन वेटिंग लिस्टा याव्यात, याला काय म्हणावं!

पहिली यादी घड्याळाची. ती चाचांची नव्हे, वीरण्णाची.

वीरण्णा म्हणजे लातुरातल्या फिजिक्सच्या मोठ्या क्लासचा मालक, वीरण्णा सर. चार मजली इमारत आणि तिच्यावर त्याचाच फोटो. पण चाचांना आठवतो तो भूकंपाच्या सालातला, बारा वर्षांचा. किल्लारीकडचं गाव. घर बसलं, बाप आणि दोन बहिणी त्यात गेल्या. मामानं लातूरला आणून वसतिगृहात टाकलं. तिथले दिवे लवकर मालवायचे, म्हणून हे पोरगं तिन्हीसांजेला चाचांच्या पायरीवर येऊन बसायचं आणि त्यांच्या दिव्याच्या उजेडात गणितं सोडवायचं. चाचा त्याला चहा-खारी द्यायचे. एकदा त्यानं सांगितलं होतं, मदतीचा ट्रक आला तेव्हा तो रांगेत उभा होता आणि त्याच्या पुढच्या बाईपाशी ब्लँकेटं संपली. सांगताना तो रडला नाही, खारी खात राहिला. डोळ्यांत पाणी आलं ते चाचांच्याच.

पुढं लातूरच्या क्लासेसची गाडी सुसाट सुटली आणि वीरण्णाही तिच्याबरोबर सुटला. ऐन पस्तिशीत त्याला एका विलायती घड्याळाचा नाद लागला. निळ्या तबकडीचं, मागच्या बाजूला काच, आतली यंत्रं फिरताना दिसतात असलं. दुसऱ्या एका क्लासवाल्याच्या मनगटावर त्यानं ते पाहिलं होतं, तेवढं पुरलं. हैदराबादच्या शोरूमला जाताना त्यानं चाचांनाही गाडीत घातलं.

"चाचा, तुम्ही पारखी माणूस. मला काय कळतंय त्यातलं?"

शोरूम थंडगार, विक्रेत्याच्या हातात पांढरे मोजे. काचेच्या पेटीत ते निळं घड्याळ समोरच मांडलेलं. वीरण्णानं बोट दाखवलं आणि म्हणाला, "हे द्या."

"हे फक्त दाखवायला आहे, सर. विकायला नाही. कंपनी वर्षाला मोजकीच बनवते. आपलं नाव यादीत लिहून घेतो."

"किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही, सर. पण तोवर आपण आमच्याकडं दुसरं काही घेत राहिलात, तर आपलं नाव जरा वर सरकेल."

चाचा तिथंच भडकले. "अहो, घड्याळ समोर हाय, गिऱ्हाईक समोर हाय, पैसे खिशात हायत. मग अडलंय कुठं? माल काचेत मांडायचा आणि वर विकत न्हाई म्हणायचं, ही कुठली दुकानदारी?"

विक्रेता गोड हसला. वीरण्णानं मात्र चाचांचा दंड दाबला. "गप बसा चाचा. नाव कापतील."

नाव कापतील! चार हजार पोरं ज्याच्या एका हाकेला चिडीचूप होतात, तो माणूस मोजे घातलेल्या एका विक्रेत्याला भ्याला. मग तीन वर्षं हेच चाललं. वर सरकायसाठी त्यानं बायकांचं गुलाबी पट्ट्याचं एक घड्याळ घेतलं, टेबलावरचं एक घेतलं, आणि आणखी एक असलं घेतलं की त्यात वेळ कुठं बघायची तेच कळेना. त्याची बायको दीपमाला वैतागली. "घरभर घड्याळं झाली, आन् तुम्ही एक दिवस वेळेवर जेवायला येत न्हाईत," असं तिनं त्याला चारचौघांत सुनावलं. दर दोन महिन्यांनी तो हैदराबादला फोन करायचा आणि उत्तर ठरलेलं, अजून बनूनच आलेलं नाही, सर.

दुसरी यादी चाचांच्या घरात आली.

चाचांची नात सदफ दहावीला पंच्याण्णव टक्क्यांनी पास झाली. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं, आणि फिजिक्स शिकायचं तर वीरण्णा सरांकडंच, हे तिनं आठवीपासून ठरवलेलं. बाप आसिफ सौदीला गाडी चालवायचा, त्यामुळं धावपळ आजोबाची. चाचांनी चार लोकांसारखा रांगेत उभं राहून फॉर्म भरला.

त्यांची बायको शहजादी म्हणाली, "अजी, वीरण्णाला एक शब्द टाका की. तुमच्या पायरीवर वाढलेलं पोरगं हाय ते."

"घरच्या माणसाला काय सांगायचं? यादीत नाव दिसलं की तोच फोन करील."

नंबर लागला एकशे सत्याऐंशी. वेटिंग. फोन काही आला नाही. आता शहाण्या माणसानं उठून जावं की नाही? पण चाचांची ही जुनी खोड. ज्या पोराला आपण खारी खाऊ घातली त्याच्यापुढं हात पसरायचा नाही म्हणजे नाही. दिलेलं एकदा बोलून दाखवलं की त्याची किंमत गेली, असं त्यांचं म्हणणं.

क्लासमधल्या भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांचं काम त्यांच्याकडंच असायचं. जून संपत आला तसे ते नवे सेल घालायला शिडी घेऊन गेले. तिसऱ्या मजल्यावर एका खोलीला कुलूप होतं. ऑफिसातल्या महानंदा मॅडमनी किल्ली दिली. दार उघडलं तर आत साठ खुर्च्या, लिहायची पाटी जोडलेल्या, अंगावरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेलं. चाचांनी त्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. किल्ली परत द्यायला ते तसेच खाली उतरले.

"मॅडम, ती खोली कुणाची हो?"

"नव्या बॅचची. दहा जुलैला उघडायची."

"आन् खाली तर तुम्ही प्रवेश फुल्ल म्हणून बोर्ड लावलाय!"

मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं. "चाचा, सरळ घेतलं तर लोकांना वाटतं क्लासात दम न्हाई. फुल्ल म्हटलं की झुंबड उडते. सरांचंच डोकं हाय हे. कुठं बोलू नका, माझी नोकरी जाईल."

चाचांच्या अंगाचा तिळपापड झाला. हैदराबादच्या त्या विक्रेत्याला मोजे तरी होते, इथं तेही नाहीत! घरी येऊन त्यांनी शहजादीला सगळं सांगितलं. नांदेडला त्यांची मुलगी नाजिया दिलेली. तिच्या घराजवळ एक चांगला क्लास होता आणि तिथले प्रवेश जूनअखेर बंद होणार होते. नाजिया रोज फोन करून कंटाळली. "अब्बा, पाठवून द्या सदफला, माझ्याजवळ राहील." शहजादीही तेच म्हणायची. शेवटी सदफनंच आजोबाला विचारलं, "दादा, जाऊ का मी नांदेडला?"

"थांब गं. साठ खुर्च्या रिकाम्या हायत, मी डोळ्यांनी बघितल्यात. आन् वीरण्णा आपला हाय."

जून संपला. नांदेडचं दार लागलं. लातूरचं उघडेना. सदफनं फिजिक्सची पुस्तकं कपाटात टाकली आणि घरात बोलणं सोडलं. शहजादी चहाचा कप आपटून ठेवायला लागली. पोरीचं एक वर्ष आपल्या ताठ्यापायी चाललं, हे चाचांना कळत होतं आणि तरी पाय क्लासकडं वळत नव्हते.

अन् एका सकाळी वीरण्णाच दुकानासमोर येऊन उभा राहिला. चाचांना वाटलं, सदफचंच सांगायला आला. त्यानं मनगट पुढं केलं.

"चाचा, आलं! आठ दिवस झाले. पण दिवसाला सात मिनिटं मागं पडून राहिलंय."

"मग त्यांनाच दाखव की. नवंकोरं हाय, ग्यारंटी हाय."

"पाठवलं तर सहा महिने जातात. आन् तक्रार केली की पुढच्या यादीत नाव मागं पडतं म्हणे. तुम्हीच बघा गुपचूप."

चाचांनी भिंग लावलं. मागच्या काचेतून आतलं चाक दिसत होतं आणि ते दमल्यासारखं हलत होतं. त्यांनी दुकानातला सगळ्यांत मऊ फडका अंथरला, घड्याळ उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिले. एवढं देखणं यंत्र जन्मात हाती आलं नव्हतं. पण तेल चिकट होऊन पिवळं पडलं होतं.

"वीरण्णा, हे नवं न्हाई. म्हणजे कुणी वापरलेलं न्हाई, पण तीन-चार वर्षं डब्यात पडून हाय हे. तेल वाळलंय याचं. तू पहिल्यांदा नाव लिहिलंस ना, तवाच हे त्यांच्या कपाटात असणार."

वीरण्णाचा चेहरा लालभडक झाला. त्यानं तिथंच रस्त्यात उभं राहून हैदराबादला फोन लावला आणि असा कडाडला की समोरचा फळवाला टोपली सोडून बघायला लागला. "बनलंच न्हाई म्हणून तीन वर्षं मला टोप्या घातल्या तुम्ही! कपाटात ठेवून!" मग तो ऐकत राहिला. आवाज खाली आला. "हाव... बरोबर आहे, सर... काळ्या तबकडीचं? फक्त पन्नासच?... नाही नाही, राग कसला. माझं नाव वर ठेवा तेवढं."

चाचांनी कपाळावर हात मारला. "अरे, उल्लू बनवलं तुला त्यांनी, आन् तू परत नाव लिहिलंस?"

"तुम्हाला न्हाई कळायचं चाचा. लगेच दिलं असतं तर मी घेतलंच नसतं."

साठ खुर्च्या चाचांच्या ओठांपर्यंत आल्या. आता बोलायचं, आत्ताच बोलायचं. पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच, "रविवारी देतो."

दोन दिवस त्यांनी दुसरं काम हाती घेतलं नाही. एकेक चाक काढलं, धुतलं, तेलाचा थेंब सुईनं सोडला. रविवारी घड्याळ सेकंदालाही चुकत नव्हतं. वीरण्णा खूश झाला. घड्याळ मनगटावर चढवता चढवता सहज म्हणाला, "सदफचं काय झालं हो? दहावी झाली ना ती?"

"तुझ्याच यादीत हाय. एकशे सत्याऐंशी."

"अहो, मग बोलायचं न्हाई का!" त्यानं महानंदा मॅडमना फोन लावला, बाजूला जाऊन दोन मिनिटं बोलला आणि परत येऊन चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. "एकच सीट निघाली. अर्धापूरच्या एका पोरानं प्रवेश रद्द केलाय. शेवटची. तुमच्यासाठी यादी मोडून राहिलो, चाचा. कुणाला सांगू नका."

घड्याळाच्या कामाचं काही घ्यायचं तर दूरच, चाचांनी वीरण्णाचे दोन्ही हात धरले. पोराला आठवण आहे, म्हणाले मनात, खारीची आठवण आहे. साठ खुर्च्या ते विसरले, खरंच विसरले. पेढे घेऊन घरी गेले. सदफ त्यांच्या गळ्यात पडून रडली.

शहजादीनं पेढा हातात धरून विचारलं, "शेवटची कशी? तुम्हीच तर साठ मोजल्या होत्या."

"गप गं! माणसाची कदरच न्हाई तुला. यादी मोडली त्यानं माझ्यासाठी, यादी!"

दहा जुलैला तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत नवं घड्याळ लावायचं होतं. चाचा शिडी घेऊन गेले तर व्हरांडा आईबापांनी भरलेला. मुदखेडचे किशनराव म्हणून एक शेतकरी चाचांजवळ उभे होते, त्यांचा आदिनाथ नुकताच आत जाऊन बसलेला. आनंद त्यांच्या पोटात मावत नव्हता. शिडीला हात लावता लावता ते चाचांच्या कानाशी लागले.

"शेवटची सीट भेटली बघा आमच्या पोराला. अर्धापूरचं कुणी पोरगं गळालं म्हणून. सरांनी यादी मोडली आमच्यासाठी. कुणाला सांगू नका बरं."

चाचांच्या हातातली शिडी भिंतीला लागली. त्यांनी दारातून आत पाहिलं. साठच्या साठ खुर्च्या भरलेल्या. व्हरांड्यात पलीकडं एक बाई दुसरीच्या कानात काही सांगत होती आणि तोंडावर बोट ठेवत होती. चाचांनी पुढं ऐकलं नाही, ऐकायची गरज नव्हती. अरे, साठांतली एक घ्या म्हणाला असता तरी मी तुझे पाय धरले असते! माझ्याशी खोटं बोलायची काय गरज होती, वीरण्णा? माझ्याशी? छातीत असं काही पेटलं की तिथंच उभं राहून ओरडावं, बोर्ड फोडावा, सगळ्यांना सांगावं.

तिसऱ्या रांगेतून सदफनं हात हलवला. कितीतरी दिवसांनी पोरगी हसत होती.

किशनराव अजून शेजारीच होते. "तुमच्या नातीला कशी भेटली हो सीट?"

चाचांनी शिडी नीट लावली, वर चढले, खिळा ठोकला आणि खाली न बघताच बोलले.

"शेवटची होती. आमच्या वीरण्णानं ठेवली होती."