पातेल्याचे तापलेले कान

"आधी गॅस बंद करा!" सुनीता ओरडली. तोवर आमटी कौसाबाईंच्या पायावर सांडली होती.

राहात्याजवळ पायी येणाऱ्या भाविकांसाठी एक अन्नछत्र आहे. मी तिथला किचन सुपरवायझर, कौसाबाई मुख्य आचारी, सुनीता त्यांच्या हाताखाली. दोघींनी फडक्यानं एकेक कान धरून पातेलं उचललं आणि कौसाबाईंनी मधेच हात सोडला. का, ते कुणालाच कळेना.

पायावर नळाचं गार पाणी धरलं, त्यांना दवाखान्यात पोचवलं. परत येऊन मी कारण शोधू लागलो. रेग्युलेटर ठीक. पाईप ठीक. पातेलं तर नवंकोरं, एका कुटुंबानं दान दिलेलं.

"वय झालं त्यांचं," ट्रस्टचे भाऊसाहेब म्हणाले. "उद्यापासून दुसरी बाई बघ."

"पण भाऊसाहेब, एकदा बघतो ना नेमकं..."

"बघायचं काय राहिलंय? हात सुटला, दिसतंय की."

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. कौसाबाईंच्या पायाला पट्टी होती.

"साहेब, कान फडक्यातनंबी पोळला. पर म्या कान तिरपंच ठिवलं हुतं. मग तापलं कसं? मलाच उमजंना."

हे जरा सांगायला हवं. आमच्या भट्ट्या ओळीनं, खेटून आहेत. पातेल्याचा कान शेजारच्या भट्टीवर गेला तर जाळानं तापतो. वाटेकडे आला तर येणाऱ्याजाणाऱ्याचा पदर अडकतो. म्हणून कौसाबाई कान तिरपे ठेवायच्या. घरच्या शेगडीवर आपण कढईचा दांडा आत वळवतो, तसंच.

"मला काढत्यात व्हय?" त्यांनी हळूच विचारलं. "ल्योक आन् सून उसाच्या तोडीला गेल्यात. पोरं माझ्यापाशी हायेत, साहेब."

"बघू," म्हणालो.

परत येऊन पातेलं बघितलं. एक कान काळा पडला होता. माझं डोकं चालेना. मग आठवलं. त्या सकाळी दान देणारी माणसं पातेलं बघायला येणार होती. पातेल्यावर त्यांचं नाव कोरलेलं होतं आणि कौसाबाईंच्या ठेवणीत ते कोपऱ्याकडे जात होतं. त्या तांदूळ धुवायला गेल्या तेव्हा मीच फडक्यानं पातेलं थोडं फिरवलं. नाव समोर आलं, फोटो चांगला निघाला. एक कान शेजारच्या भट्टीवर गेला, पण ती तेव्हा बंद होती. नंतर सुनीतानं तिच्यावर भात चढवला.

आठवलं त्याच वेळी भाऊसाहेबांना फोन करायला हवा होता. केला नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

सकाळी भाऊसाहेबांपुढे उभा राहिलो. "पातेलं मी फिरवलं होतं."

"तू? कशाला?"

"फोटोसाठी."

"आणि काल त्या बाईची नोकरी जात होती, तेव्हा तू गप्प?"

"आठवलं संध्याकाळी. तरी फोन केला नाही," मी म्हणालो.

कौसाबाईंची नोकरी राहिली, पाय बरा होईपर्यंतचा पगारही मिळाला. मला स्टोअरला बसवलं. त्यांना सगळं सांगायला गेलो तेव्हा त्या रागावल्यासुद्धा नाहीत. नुसतं म्हणाल्या, "फिरवलं तर फिरवलं. पर हाळी द्यायला काय झालं हुतं, साहेब?"

चढलेलं भांडं ज्याचं त्यानंच हलवावं. दुसऱ्यानं हलवलंच, तर मोठ्यानं सांगावं. हे काही कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकायचं नव्हतं. मला ते दुसऱ्याचा पाय भाजल्यावर कळलं.