रोवण्यातलं फ्रेंच

मी फ्रेंच शिकवते. कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की मान ताठ करून सांगते, आमच्या दवनीवाड्याच्या धानाच्या बांधीत, चिखलात. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

कॉलेजात माझं इंग्रजी फार कच्चं होतं. गाणी ऐकून सुधारतं असं कुणीतरी सांगितलं, म्हणून गोंदियाच्या बाजारातून एक सीडी आणली. दुकानदार म्हणाला, "ले जाओ दीदी, एकदम प्योर इंग्लिश है." कव्हरवर गिटार घेतलेली बाई. घरी लावली तर एक शब्द कळेना. बाप्पा, आपलं इंग्रजी पारच कामातून गेलं, असं वाटून मी कितीतरी दिवस स्वतःलाच शिव्या घातल्या. शेवटी कॉलेजातल्या मॅडमनी कव्हर वाचलं आणि सांगितलं, अगं, हे फ्रेंच आहे. या बाईचा हा सुरुवातीचाच अल्बम, गाणी तिनंच लिहिलेली, चालीही तिच्याच.

तोवर ती बाई आमच्या घरात शिरली होती. गळा फार मोठा नव्हता, पण शेजारी बसून गप्पा माराव्यात तशी गायची. एका गाण्यात सारखी "जमे, जमे" म्हणायची. मायला तेवढंच कळलं.

"पाह्य वं, किती चांगली सांगून राहिली! जमे, जमे!"

पावसाळ्यात धानाचा रोवणा सुरू झाला तसं ते गाणं बांधीत गेलं. माय सुरू करायची आणि वाकून धानाचे परे लावणाऱ्या बाया मागून सूर ओढायच्या. पुढच्या रोवण्यापर्यंत माझं बी.ए. झालं आणि मी हट्ट धरला, नागपूरला जाऊन फ्रेंचच शिकणार. बाबूजी भडकले.

"कायले? तिकडच्या लोकाइले धान लावाले शिकवशीन का?"

मीही काही कमी नव्हते, जेवण टाकलं. एका सकाळी बाबूजी बांधीच्या धुऱ्यावर उभे राहून मायवर ओरडले, "एकटीनं राहणं, परकी भाषा शिकणं, तुह्या पोरीले जमन का?"

चिखलातून सगळ्या बाया एका सुरात गायल्या, "जमे, जमे!"

बाबूजी आधी चिडले, मग मिशीतल्या मिशीत हसले. "जाय मंग," म्हणाले.

नागपूरच्या क्लासात सरांनी 'जमे' हा शब्द फळ्यावर लिहिला, उच्चारला आणि अर्थ सांगितला: कधीच नाही. मी खो खो हसत सुटले. सरांनी वर्गाबाहेर काढलं. बाहेर उभं राहिल्यावर मात्र हसू थांबलं. ज्या शब्दाच्या भरवशावर मला घरून पाठवलं, तोच उलटा निघाला. वर पहिल्याच परीक्षेत मी नापास झाले.

दिवाळीत गावच्या मंडईच्या जत्रेला घरी आले तेव्हा दोन्ही गोष्टी सांगून टाकल्या. बाबूजींचा चेहरा उतरला.

"म्हणजे ते बाई पहिल्यापासून नाहीच म्हणून राहिली होती? मंग काऊन जातेस परत? राह्य इथंच."

संपलं आपलं शिक्षण, असंच वाटलं. डोळे भरून आले.

माय तांदूळ पाखडत होती. तिनं सूप दाणकन खाली ठेवलं.

"तिले नसन जमत जी," ती बाबूजींना म्हणाली. "तिचं मले नोका सांगू. माह्या पोरीले जमते. उद्याच्या गाडीनं जाऊन राहिली ते."