पडद्याच्या तळाशी दर्या

सकाळच्या भाकऱ्या झाल्या की आमची सून पाखरांना चौकटी घालत बसते, असं सासूबाई शेजारणीला सांगायच्या. त्यात चुकीचं काही नव्हतं. समोर लॅपटॉप, कानाला हेडफोन आणि पडद्यावर आमच्याच वाडीतल्या आवाजांचं चित्र. डावीकडून उजवीकडे वेळ सरकतो. जाडा आवाज खाली उमटतो, बारीक आवाज वर. दयाळाची शीळ वरच्या अंगाला नागमोडी रेघ काढते, तांबट एका ओळीत ठिपके देतो, खार चिडली की उभे ओरखडे. दिसलेल्या आवाजाभोवती माउसने चौकोन काढायचा आणि त्याला नाव द्यायचं. नारळ धप्पकन पडला तर त्यालाही. या कामाला बुद्धी फार लागत नाही, बूड मात्र टेकावं लागतं.

हे काम आमच्या घरी पाहुणं म्हणून आलं. दिवेआगरला आमची माड-पोफळीची वाडी आहे आणि घरातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. किनाऱ्यावर ते मोठं वादळ आलं, त्याच्या आधी पक्ष्यांचा अभ्यास करणारी एक मुलगी आमच्याकडे राहून गेली. जाताना विहिरीच्या खांबाला आवाज टिपणारी एक डबी बांधून गेली आणि वर्षभराने येऊन ती काढून नेली. पुढे वादळात वाडी आडवी झाली, खांब तेवढा उभा राहिला. काही वर्षांनी ती पुन्हा आली आणि त्याच खांबाला, त्याच उंचीवर नवी डबी बांधली. पडलेल्या वाडीत कोणकोणते पक्षी परत आले, हे तिला बघायचं होतं. मला म्हणाली, "ताई, या फायलींवर खुणा करायला माणूस हवंय. तुम्हाला इथले आवाज तोंडपाठ आहेत." कुणी स्तुती केली की मला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे मी अडकले.

त्याच सुमारास घरात दुसरं एक प्रकरण चालू होतं. वादळ झाल्यापासून सासूबाई एकच म्हणत होत्या, "दर्या जवळ आलाय." पहिले काही महिने सगळ्यांनी मान डोलावली. त्या वादळाने भल्याभल्यांची झोप उडवली होती. पण छपरावर नवे पत्रे चढले, पाहुणे यायला लागले, नवी रोपं कमरेएवढी झाली, तरी त्यांचं तेच. पश्चिमेच्या खोलीतला आपला पलंग त्यांनी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत हलवला. कानात कापसाचे बोळे आणि वरून डोक्याला फडकं, तेही भर वैशाखात. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी कान तपासून चांगले आहेत म्हणून सांगितलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. माझा नवरा तर किनाऱ्यावर जाऊन भरतीची रेघ बघून आला. "आई, दर्या होता तिथंच हाय. एक पाऊल पुढं आलेला न्हाय."

"तुला न्हाय कळायचं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग हळूहळू बोलायच्याच बंद झाल्या. ओटीवर बसून वाडीच्या पार टोकाला काम करणाऱ्या गड्याला फैलावर घेणारी बाई ही. त्या गप्प झाल्यावर घर ओकंबोकं वाटायला लागलं. खरं सांगायचं तर मला त्यांची बोलणी खायची सवय होती, तीही मोडली.

मोठे भाऊजी पनवेलला असतात. त्यांनी ठरवून टाकलं की आईच्या मनात भीती बसली आहे, तिला आता इथे ठेवायचं नाही. शिमग्याला ते येणार होते आणि परत जाताना तिला फ्लॅटवर घेऊन जाणार होते. सासूबाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. खोबरं खवताना एकदा फक्त माझ्याजवळ बोलल्या, "तिकडं चार भिंतीत मी काय करू गं? ही वाडी मी हातानं शिंपून वाढवली." मी काय सांगणार? शेवटी मुलगा तो.

संक्रांत झाली आणि त्या मुलीचा फोन आला. "ताई, तुमच्या सगळ्या फायलींत तळाशी एक सलग पट्टा आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याला तुम्ही कधीच नाव दिलेलं नाही. पंप आहे का कुणाचा?"

मी फाइल पुन्हा ऐकली. पंप नव्हता. आवाज वाढवला, तरी मला काही ऐकू येईना. या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आहे. हवा तेवढाच पट्टा ठेवायचा आणि बाकीचं गाळून टाकायचं. दयाळ गेला, तांबट गेला, कोंबडा गेला आणि कानात उरला समुद्र.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते मला शोभलं. माझं माहेर तळा गावचं, डोंगरातलं. तिथून समुद्र दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. लग्न करून आले तेव्हा त्या गाजेने माझी झोप उडाली होती. सासूबाई रोज सकाळी चहाचा कप पुढे करत विचारायच्या, "झोप लागली का गं?" मी मान हलवायचे. "व्हईल सवय," म्हणायच्या. सवय इतकी झाली की पडद्यावर ढळढळीत दिसणारा समुद्र मला ऐकूच येत नव्हता.

आणि मग माझ्या मनात आलं, समजा तो खरोखर मोठा झाला असेल तर? वाळूवरची भरतीची रेघ आहे तिथेच आहे, पण आवाज?

वादळाआधीच्या फायली त्या मुलीकडे होत्या. त्या मी मागून घेतल्या. आधी तारखा जुळवून बघितल्या, तर नुसता गोंधळ. एकदा जुना पट्टा जाड, एकदा नवा. मग डोक्यात प्रकाश पडला. समुद्र काय तारखेने चालतो? त्याची भरती-ओहोटी तिथीवर. आमच्याकडे पोरंसुद्धा तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. मोबाइलमधल्या पंचांगात जुन्या वर्षांच्या तिथी मिळाल्या. अष्टमीला अष्टमी, पौर्णिमेला पौर्णिमा, महिना तोच, वेळ पहाटेची, वारा पडलेला. अशा जमतील तेवढ्या जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत जुना पट्टा पेन्सिलीने ओढल्यासारखा बारीक होता आणि नवा अंगठ्याएवढा जाड.

मुलगी सावध होती. म्हणाली, कारणं अनेक असू शकतात, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण पट्टा जाड झालाय हे खरं. कारण शोधायला मला लांब जायचं नव्हतं. पूर्वी घर आणि समुद्र यांच्या मध्ये सुरूची झाडं होती आणि त्यांच्या अलीकडे आमचे माड नि पोफळी. इतकी दाट की घरातून समुद्र दिसायचा नाही. वादळात ते सगळं झोपलं. आवाजाला अडवणारं कुणी उरलं नव्हतं.

सासूबाई ओटीवर सुपारी सोलत होत्या. मी लॅपटॉप त्यांच्यासमोर नेऊन ठेवला आणि एक जोडी दाखवली. हात पदराला पुसून त्यांनी खालच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. "ह्यो दर्या?"

"हो. हा वादळाआधीचा. आणि हा आताचा."

एकावरून दुसऱ्यावर त्यांनी बोट फिरवलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे माझ्या डोस्क्यात न्हाय त्यो."

"नाही आई."

"मला वाटलं, मीच येडी झाले."

 मला राग आला. डॉक्टरांचा, भाऊजींचा, नवऱ्याचा आणि माझाही. इतकी वर्षं ही बाई मनात असलं काही घेऊन बसली होती आणि आम्ही तिला गोळी घेतली का विचारत होतो.

शिमग्याला भाऊजी गाडी घेऊन आले. सासूबाईंची पिशवी त्यांनी आल्या आल्या दाराशी काढून ठेवली. मी चित्रं दाखवली तर हसले. "कॉम्प्युटरवर काय, हवं ते दिसतं." मी वाद घातला नाही. हेडफोन त्यांच्या हातात दिला आणि अष्टमीची जोडी लावली, आधी जुनी, मग नवी. नवी संपल्यावर त्यांनी जुनी पुन्हा लावायला सांगितली. हेडफोन काढून अंगणात गेले आणि विहिरीजवळ उभे राहिले.

ते आले की पाहुण्यांच्या एसीच्या खोलीत झोपतात, दारं-खिडक्या गच्च लावून. त्या दिवशी त्यांनी आपलं अंथरूण पश्चिमेच्या खोलीत टाकायला सांगितलं. 

सकाळी भाऊजी स्वयंपाकघरात आले तेव्हा डोळे लाल होते. सासूबाईंनी चहाचा कप पुढे केला आणि विचारलं, "झोप लागली का रं?"

भाऊजींनी कप घेतला, पण प्यायले नाहीत. "न्हाय गं आई," म्हणाले. बरीच वर्षं पनवेलला राहून घासलेली त्यांची भाषा एकदम गावावर आली. "जरासुद्धा न्हाय लागली."

सासूबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.  मग त्यांनी पदराने तोंड पुसलं, दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे बोट केलं आणि वाडीच्या पार टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ती पिशवी आत ठेव आधी. आन् फावडं घे, दर्याच्या अंगाला झाडं लावायचीत. तुझ्या बापानं लावलेली झाडं पडली, तर तू का हात बांधून बसलायस?"