सांगून जायचं

गावाहून, धनजहून निघाले तेव्हा माझी पियू सात वर्षांची होती. शेजारच्या अंगणात लंगडी खेळत होती. आई दारात पुटपुटली, "पोरीले सांगू नको, उगा रडीन. खेळून राह्यली तवरच निंग." आमच्याकडे सगळे असंच करतात. लेकरू नादी लागलं की मागच्या दारानं निघायचं. मीही निघाले. नवरा गेल्यावर कामासाठी पुणं गाठणं भागच होतं. चोरून जाणं भाग नव्हतं. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही.

तिथं एका बंगल्यात म्हाताऱ्या बाईंचं सगळं करायचं काम मिळालं. त्यांच्याकडे राखणीचा मास्टिफ कुत्रा होता, सुलतान, वासराएवढा. आधीचा मालक त्याला 'आलोच' म्हणून सोडून गेलेला. मी दिसले की छातीतून गुरगुरायचा. बाई म्हणाल्या, "त्याच्या डोळ्यांत बघू नकोस. हात पुढं करू नकोस. आणि बाहेर जाताना त्याच्यासमोरून, सांगून जा. चोरून गेलीस तर तो पुन्हा भरवसा ठेवायचा नाही."

माझ्या हातातलं ताट हातातच राहिलं.

रोज त्याच्याकडे पाठ करून भाजी निवडायचे. निघताना म्हणायचे, "सुलतान, येतो बरं." पुण्यात मी 'येते' म्हणायला शिकले होते, पण त्याच्याशी घरचंच बोलणं निघायचं. कितीतरी महिन्यांनी एका दुपारी त्यानं ते जड डोकं माझ्या मांडीवर टाकलं. मला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

तरी मूर्खासारखं मी त्याचा व्हिडिओ घरी पाठवला. त्यात मी फाटकाजवळून 'येतो बरं' म्हणते, तो शांत बसून राहतो. पियूचा फोन आला. "कुत्र्याले सांगून जातं तू?" एवढंच बोलून तिनं ठेवला.

आता ती चौदाची आहे. या दिवाळीत गावी गेले तेव्हा मी तिला जवळ ओढलं नाही, काही विचारलं नाही. नुसती ओट्यावर बसून राहिले. ती आली नाही. निघायच्या सकाळी आई पुन्हा तेच, "झोपली हाय, निंग हळूच."

मी पियूला उठवलं. "पियू, मी चालली. होळीले येतो."

"मंग जाय ना. मले कायले उठवलं?" तिनं पांघरूण डोक्यावर घेतलं.

पुण्याला पोचल्यावर तिला फोन केला. 'बरं' म्हणाली. ठेवेल असं वाटलं, पण ठेवला नाही.

"होळीले नक्की ना?"

हो म्हणाले. बाईंची तब्येत ढासळते आहे, रजा मिळेलच असं नाही. तरी जाणारच, नोकरी गेली तर जाईल. माझं घर आता तिच्या त्या 'नक्की ना'वर उभं आहे.