मिगच्या नाकावरचं कुंकू

आमच्या गुणाजीकाकांच्या डोंबिवलीच्या घरात टीव्हीच्या रिमोटला प्लास्टिकची पिशवी आहे. सोफ्यावर चादर आहे आणि त्या चादरीवर, पाहुण्यांसाठी, दुसरी चादर आहे. माणूस कळव्याच्या कारखान्यात सगळी नोकरी करून निवृत्त झाला, पण नोकरी लागली तेव्हा घेतलेली छत्री अजून नवीकोरी आहे, कारण ती भिजेल म्हणून ते पावसात बाहेर काढतच नाहीत. अशा माणसाला असा छंद लागावा, ज्यात वस्तू मुद्दाम मळवावी लागते, याला मी तरी दैवाची चेष्टाच म्हणते.

काका लढाऊ विमानांची मॉडेलं बनवतात. खोक्यातून प्लास्टिकचे सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. हे सगळं जेवणाच्या टेबलावर चालतं. एका बाजूला त्यांची बायको, म्हणजे माझी कलावतीमावशी, मेथी निवडत असते, दुसऱ्या बाजूला काका चाकं निवडत असतात. मावशीचा भुवया कोरायचा चिमटा कधीच हवाई दलात भरती झाला आहे.

नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये दरवर्षी अशा मॉडेलांचं प्रदर्शन भरतं. दोन वर्षांपूर्वी काकांनी तिथे मोठ्या हौसेने एक विमान नेलं. परीक्षक होते निवृत्त विंग कमांडर सहदेव राणे. त्यांनी विमान फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "काम सुंदर आहे. पण हे शोरूममधलं वाटतं हो, उडालेलं वाटत नाही. थोडं मळवा."

आमचं घर हॉलच्या मागच्याच गल्लीत. काका तिथून थेट आमच्याकडे आले आणि पुढ्यातला चहा त्यांनी निववला.

"संचिता, मळवा म्हणाला गं तो! मी जिवापाड घासलंय ते, आणि हा म्हणतो मळवा!"

पण राग ओसरल्यावर त्यांच्या मनाने एकच गोष्ट घेतली. त्या माणसाच्या तोंडून एकदा तरी 'हे खरं वाटतं' असं ऐकायचं. बक्षीस गेलं खड्ड्यात.

म्हणून गेल्या वर्षी त्यांनी मिग-एकवीस घेतलं. असं रंगवलं की बघत राहावं. उरलं फक्त मळवणं. पत्र्यांच्या जोडांच्या ज्या बारीक रेघा असतात, त्यांत पातळ काळपट रंग सोडायचा, की विमान वापरातलं दिसतं. काका ब्रश बुडवायचे, पंखापर्यंत न्यायचे आणि परत धुवून ठेवायचे. शेवटी म्हणाले, "दसरा होऊन जाऊ दे. सणाचं कशाला घाण करायचं? रविवारी प्रदर्शन आहे, शनिवारी मळवतो."

दसऱ्याला मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. काका श्रीखंड आणायला बाहेर पडले आणि मावशीने पूजेचं ताट घेतलं. खाली जाऊन स्कूटरला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. वर येऊन मिक्सर झाला, शिलाई मशीन झालं, मग ती शोकेसपाशी थांबली. आजवर काकांचं विमान दसऱ्याला कधी पुरं झालेलंच नसायचं. त्या वर्षी ते चाकांवर उभं होतं.

मावशीने पाण्यात कालवलेल्या हळदीचं बोट मिगच्या नाकावर टेकवलं. त्यावर कुंकू. मग दोन्ही पंखांवर एकेक बोट, अक्षता, आणि नाकातून पुढे आलेल्या दांडीवर खोचलेलं झेंडूचं फूल. वर नमस्कार केला. मी पाहत होते आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आपल्याकडे यंत्र म्हटलं की पूजा आलीच.

काका श्रीखंडाचा डबा घेऊन आत आले आणि दारातच खाली बसले.

"कलावती! अगं काय केलंस हे!"

"काय केलं? मिक्सरला लावते, स्कूटरला लावते. तुमचं विमान तेवढं परकं का?"

काकांनी ओल्या कापसाने पुसायला घेतलं. हळदच ती. जितकी पुसावी तितकी पसरली, आणि रेघारेघांत जाऊन बसली. श्रीखंड कुणालाच गोड लागलं नाही. शनिवारी काका म्हणाले, "आता मळवण्यासारखं उरलंय काय?" रविवारी ते जायलाच तयार नव्हते, मी अक्षरशः ढकलत नेलं.

राणेसाहेब मिगपाशी आले, वाकले, भिंग काढलं आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"हे कुणी केलं?"

"मिसेसनी," काकांनी पोलीस चौकीत द्यावी तशी कबुली दिली.

"दसऱ्याला आमचा ग्राउंड क्रू विमानांची अशीच पूजा करायचा. हळद अशीच फटींत उतरायची, मग कितीतरी दिवस निघायची नाही. गुणाजीराव, हे विमान खरं वाटतं." काकांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तेवढ्यात साहेब पुढे म्हणाले, "फक्त बोट मापात नाही. विमान अठ्ठेचाळीस पटींनी लहान आहे. त्या हिशोबाने कुंकू लावणाऱ्याचं बोट दोन फूट रुंद होतं."

सगळा हॉल हसला. पहिलं बक्षीस खडवलीच्या कुणाला तरी गेलं. काकांनी ते नाव ऐकलंसुद्धा नाही.

मावशीने मात्र ते बोटाचं ऐकलं, म्हणजे मी सांगितलं. "माझं बोट दोन फूट रुंद?" ती जी पेटली, ती वर्षभर पेटलेलीच होती.

यंदा दसऱ्याच्या आदल्याच आठवड्यात खरी मिग-एकवीस विमानं हवाई दलातून निवृत्त झाली. काकांनी या वेळी त्या विमानांच्या शेवटच्या रूपाचं मॉडेल बनवलं होतं. दसऱ्याला मावशीने चष्मा चढवला, त्यावर भिंग धरलं आणि काकांचा सगळ्यांत बारीक ब्रश कुंकवात बुडवला.

"हलू नका हो!"

काकांनी श्वास रोखून विमान धरलं. मावशीने नाकावर खसखशीच्या दाण्याहून बारीक ठिपका दिला.

"आता आहे का मापात?"

"आहे," काका म्हणाले.

मग मावशीने ताटातलं उरलेलं कुंकू बोटावर घेतलं आणि काकांच्या कपाळावर चांगलं ठसठशीत लावलं. थोडं त्यांच्या नव्याकोऱ्या पांढऱ्या शर्टावर सांडलं. काकांनी ते झटकलं नाही.